चौथ्या प्रकरणाविषयी

बुलावायो
११ एप्रिल २००३

प्रिय सिमांगेले,

तुझं चौथं प्रकरण वाचलं. दोनदा वाचलं. एकदा मामा म्हणून आणि एकदा तुझा मार्गदर्शक म्हणून. मामाचे डोळे भरून आले, मार्गदर्शकाला घाम फुटला.

आधी कौतुक करतो, म्हणजे पुढचं तुला गोड लागेल. 'टाकीच्या मागे जमीन खचलेली आहे आणि तिथलं गवत बाकीच्या गवताच्या आधी हिरवं होतं.' असं वाक्य मला आयुष्यभर लिहिता आलं नाही. आपल्या घरात असं लिहिणारी पोरगी निघाली याचा मला खरोखर अभिमान वाटतो. आता ते वाक्य काढून टाक. त्याच्या मागचं पान काढ आणि पुढची अकरा पानंही काढ.

तू निरोप न घेता सरहद्द ओलांडून जोहान्सबर्गला गेलीस. प्रबंध अर्धा इथे टाकलास आणि तिथून मला लिहितेस की इथे संशोधनाचं स्वातंत्र्य नाही. वसतिगृहाच्या फाटकाशी दोन माणसं रोज उभी असायची म्हणे. अगं, माणसं कुठेतरी उभी राहणारच. ती तुझ्यासाठीच उभी होती हे कशावरून? इतकी कोण लागून गेलीस तू?

आणि स्वातंत्र्याचं म्हणशील तर मी या विभागात काळ्याचे पांढरे केले. आजवर मला 'हे लिहू नका' असं कोणी म्हणालेलं नाही. माझं एक पानही कोणी फाडलेलं नाही. कारण साधं आहे. माझा इतिहास १८९६ साली, गोऱ्यांविरुद्धच्या बंडापाशी संपतो. त्यातली मेलेली माणसं मेली, त्यांना रडणारीही मेली आणि मारणारे बोटीत बसून निघून गेले. इतिहासकाराने अशा ठिकाणी उभं राहावं. तू गेलीस ती थेट १९८३ मध्ये. आपल्याच सरकारचे लाल टोपीवाले सैनिक मालुंगा गावात आले, अकरा पुरुष घेऊन गेले आणि ते पुरुष गुरांना औषधात बुडवून काढायच्या टाकीच्या मागे अजून पडून आहेत, असं तू चौथ्या प्रकरणात लिहितेस. ज्यांनी त्या टोप्या घातल्या होत्या त्यांतल्या काहींना आता नुसतं पेन्शन नाही, हुद्दे आहेत. हे तुला कळत नाही असं नाही. तुला वाटतं की कळूनही लिहिणं म्हणजे शौर्य.

राज्यशास्त्राचा एझ्रा आठवतो ना, मोठ्या आवाजाचा? त्याने रेडिओवर एक मुलाखत दिली होती. आता कोंबड्या विकतो. कोंबड्या चांगल्या असतात हं त्याच्या, आम्ही त्याच्याकडूनच घेतो.

टाकीचा एवढा सोस असेल तर टाकीचाच इतिहास लिही. गोऱ्यांच्या काळात गोचिडांवर औषध कोणतं वापरत, कर किती बसवला, गावकऱ्यांनी टाक्या का फोडल्या. उत्तम विषय आहे. वर्षभरात पदवी तुझ्या हातात देतो. फक्त टाकीच्या पुढच्या बाजूला उभी राहून लिही, मागे जाऊ नकोस.

हे पत्र वाणसामान नेणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती देतोय. टपालाला हल्ली फार वेळ लागतो.

तुझा मामा,
फिनियस

बुलावायो
२ जून २००३

सिमांगेले,

'मामा, प्रकरण कोणाला दाखवलंत का?' तुझं पत्र एवढंच. एका ओळीचं. मामीचे गुडघे कसे आहेत, मामा जिवंत आहे का, काही नाही. असू दे.

दाखवलं म्हणजे काय? विद्यापीठ म्हणजे काय चोरांची गुहा आहे? प्रकरण आलं की एक प्रत समितीला जाते, एक डीनकडे जाते. नियम आहे. नियम मी केलेला नाही, मी तो फक्त पाळला.

आणि मिस्टर चिपारे म्हणून एक गृहस्थ आहेत. सरकारी आहेत. कोणत्या खात्यात ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांना इतिहासाची आवड आहे. महिन्यातून दोनदा माझ्याकडे चहाला येतात, पावाला दोन्ही बाजूंनी लोणी लावून खातात. फार नम्र माणूस. तुझं प्रकरण त्यांनी माझ्या खोलीत बसूनच वाचलं, बाहेर नेलं नाही. पानांवर थोडा चुरा पडला, तो मी झटकला.

तुला काळजी साक्षीदारांची. पण तू तर प्रस्तावनेत लिहिलं आहेस की सर्व नावं बदलली आहेत! मग कसली काळजी? बाहेरच्या परीक्षकाने तर तुझ्या दक्षतेचं खास कौतुक केलं.

खरं सांगू? ते वाचून मला हसू आलं. तू नावं बदललीस कुठे? म्हाताऱ्या बाईला खोट्या नावाने हाक मारायची तुझी जीभ रेटली नाही. मोठ्या माणसाला बनावट नाव म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं, हे माझ्या बहिणीने तुला शिकवलेलं. तिचीच लेक तू. तेव्हा तू काय केलंस, पाळण्यातलं नाव गाळलंस, सासरचं आडनाव गाळलंस आणि सुनेला ज्या नावाने हाक मारतात तेवढं ठेवलंस. मादुबे, मासिबांडा, मान्द्लोवू. दुबे कुळाची लेक ती सासरी मादुबे. परदेशी परीक्षकाला वाटलं, देशात अशा मादुबे हजारो, शोधणार कोण! पण पोरी, मालुंगात उंबरे किती? आणि दुबेंच्या घरून मालुंगात आलेली सून किती? एक. सिबांडांची? एक. तू नावं झाकली नाहीस, घरं दाखवलीस. अनोळखी माणसापासून लपवलंस आणि ओळखीच्या माणसाच्या हातात दिलंस. अशी चूक परक्याच्या हातून झालीच नसती. तो बिनदिक्कत 'मेरी' आणि 'जेन' लिहून मोकळा झाला असता.

मिस्टर चिपारे पूर्वेकडचे. त्यांना आपली भाषा येत नाही, रीत ठाऊक नाही. त्यांनी विचारलं, "प्राध्यापक साहेब, ही मादुबे म्हणजे एक बाई की हजार?"

मी शिक्षक आहे. समोरच्याने शंका विचारली की माझ्याच्याने गप्प बसवत नाही. फळ्यावर लिहून समजावलं.

चौथं नाव मान्याथी. न्याथींची लेक, म्हणजे आमच्या घरची. तुझी एस्नाथ मावशी. माझी थोरली बहीण. सगळ्यांत जास्त पानं तिनेच बोलून भरली आहेत. त्या नावापाशी मिस्टर चिपारे थांबले. उठून दारापर्यंत गेले आणि दारावरची पाटी वाचली. 'प्रा. फिनियस न्याथी'. मग परत येऊन बसले आणि म्हणाले, "चहा छान होता."

बाकी सगळं ठीक. मी टेबल खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीशी लावलं आहे. खिडकीत ऊन फार येतं.

मामा

बुलावायो
२० जुलै २००३

सिमांगेले,

हे पत्र टपालाने पाठवतो आहे. आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही.

मालुंगात कोणाला हात लावलेला नाही. तुला तिथून कोणी काय कळवलं असेल ते असो. पांढरी गाडी आली, माणसं घरोघर बसली, पाणी मागून प्यायली. मादुबेने लिहून दिलं की ती तुला कधी भेटलेली नाही. मासिबांडाने लिहून दिलं की तिला विसरायचा आजार आहे. मान्द्लोवू म्हणाली की तिचा नवरा दुसऱ्या बाईबरोबर पळाला. वीस वर्षं ज्याच्यासाठी रडली तो नवरा तिने एका दुपारी दुसऱ्या बाईला देऊन टाकला. तिने अंगठा उमटवला तेव्हा म्हणे हसत होती. हे तिचं नाव देणाऱ्या तुझ्या तिसऱ्या तळटिपेचं फळ.

राहिली एस्नाथ. तिच्याकडे मी स्वतः गेलो. ती अंगणात शेंगा सोलत बसली होती. मला बघून उठली नाही.

"आलास? कोण मेलं?"

"कोणी नाही. भेटायला आलो."

"तू भेटायला येत नाहीस फिनियस. आईच्या मातीला आलास तोही उशिरा आणि भाषण ठोकून गेलास."

मी सरळ मुद्द्यावर आलो. "त्या पोरीला काय सांगितलंस?"

"तिनं विचारलं ते सांगितलं. तू कधी विचारलं नाहीस."

"मी कशाला विचारू?"

"इतिहासाचा मास्तर ना तू? या घरात किती वेळा जेवलास. मेहुणा कुठं गेला म्हणून एकदा तरी तोंड उघडलंस? ताटातला घास बघत बसायचास."

मी तिला समजावलं. म्हटलं, "एवढंच म्हण की पोरीनं तुझ्या तोंडी घातलं. तुझं काय जातंय?"

"आणि नाही म्हटलं तर? राग येईल त्यांना? अरे, त्यांना राग आला तेव्हाच वुसाचे बाबा गेले. आता काय नेतील? शेंगा?"

मग मी काहीतरी बोललो. काय ते महत्त्वाचं नाही. ती मात्र खदखदून हसली. "तुला? तुला कोण नेतंय! पुस्तकं खाऊन खाऊन एवढा जड झालायस, उचलायला चार माणसं लागतील."

मग तिने जेवायला वाढलं. इसित्श्वाला, आपली मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि आंबट दूध. मी खाली बघून जेवलो.

तिला काय हवं आहे ते तुला ठाऊकच आहे, तू बारा पानं त्यावरच लिहिली आहेत. तिला नवरा घरी आणायचा आहे. माणूस जिथे मेला तिथे फांदी टेकवायची, त्याला हाक मारायची, फांदीवर बसवून घरी आणायचं, बिअर गाळायची, बकरं कापायचं. पण कागदोपत्री तिचा जोसाया मेलेला नाही, बेपत्ता आहे. गावप्रमुख म्हणतो, बेपत्ता माणसाचं कार्य कसं करणार, उद्या परत आला तर? आणि टाकीच्या मागे फांदी घेऊन जायची कोणाची छाती आहे? म्हणून वीस वर्षं तो तिथे आणि ती इथे. मला म्हणाली, "मला त्यांचं नाव पुस्तकात नको रे. त्यांना शिक्षा नको, भरपाई नको. मला तिथं जाऊन एकदा 'चला' म्हणू दे. तेवढ्यासाठी बोलले मी पोरीशी. ती म्हणाली, लिहिलं की जागा उघडी होईल."

तू असं म्हणालीस? कमाल आहे तुझी.

मामा

बुलावायो
२४ ऑगस्ट २००३

प्रिय सिमांगेले,

अभिनंदन. तुझ्या एका वाक्यासाठी विद्यापीठाने जमीन खणली.

मी हे उपहासाने लिहीत नाही. सांग, जगातलं कोणतं विद्यापीठ विद्यार्थिनीचं विधान तपासायला फावडी घेऊन निघतं? आणि तू म्हणतेस इथे स्वातंत्र्य नाही. समितीने ठराव केला की आरोप गंभीर आहे, शास्त्रीय पडताळणी व्हावी. अध्यक्ष मी. तुला बोलावणं पाठवलं होतं, तू आली नाहीस. सरहद्दीवर तुला काही झालं नसतं असं मला वाटतं. खात्री नाही, पण वाटतं.

योगायोग असा की महिन्याच्या सुरुवातीला जिल्ह्याच्या लोकांनी टाकीची दुरुस्ती काढली होती. यंत्र आलं, ताडपत्री घातलेले ट्रक आले. रस्ता आठवडाभर बंद होता. तेव्हा आम्ही पोचलो तर तुझं ते लवकर हिरवं होणारं गवत नव्हतं. खणलं. डोक्याइतकं खोल खणलं. वाळू निघाली. स्वच्छ, चाळलेली, नदीतली वाळू. आपल्या पुरातत्त्वाच्या माणसाने ती चिमटीत घेतली, माझ्याकडे बघितलं, परत वाळूकडे बघितलं आणि वहीत लिहिलं, 'नैसर्गिक थर'. त्याला दोन मुलं आहेत, शिकणारी.

साक्षीदार म्हणून गावातल्या बायकांना बोलावलं होतं. मादुबे वाटेतूनच परतली. एस्नाथ आली. हातात फांदी घेऊन आली.

एवढी माणसं, एवढे अधिकारी, आणि ती सरळ खड्ड्याच्या काठाशी जाऊन बसली. अडवणार कोण, साक्षीदार म्हणून तिला आम्हीच बोलावलेलं. तिने फांदीचं टोक वाळूला लावलं. "उठा वुसाचे बाबा," म्हणाली, "उशीर झाला, पण आले. घरी चला." तिच्या लेखी हाडं असली नसली सारखंच होतं, माणूस त्याच जागी होता. खणणाऱ्या पोरांनी टोप्या काढल्या. मीही काढली. ऊन होतं तरी.

मग ती उठून चालायला लागली. मिस्टर चिपारे आडवे आले. गोड आवाजात म्हणाले, "आजी, आता डोळ्यांनी पाहिलंत ना? इथं काही नाही. तेवढं तोंडानं म्हणा आणि घरी जा."

एस्नाथ फांदीला म्हणाली, "जरा बाजूनं या हो. वाटेत माणसं उभी आहेत."

दुभाष्याने ते भाषांतर करून सांगितलं. मिस्टर चिपारेंचा चेहरा बदलला. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. ती त्यांच्या पलीकडे बघत उभी. शेवटी ते माझ्याकडे वळले. "प्राध्यापक साहेब, ही बोलत का नाही?"

आता तू आरडाओरडा करशील, म्हणून नीट वाच. फांदी हातात असताना तिच्यावरच्या माणसाशिवाय कोणाशी बोलायचं नसतं. बोललं की तो तिथेच उतरतो आणि हरवतो. हे मला ठाऊक नाही असं कसं होईल? याच विधीवर माझा निबंध आहे, तीन परिषदांत वाचला आहे. पण तिथे सगळ्यांसमोर मी ते सांगितलं असतं तर त्याचा अर्थ काय झाला असता? ती फांदी खरी आहे असा. म्हणजे त्या जागी माणूस मेला असा. शास्त्रीय पडताळणीच्या जागेवर समितीच्या अध्यक्षाने असं बोलायचं?

मी म्हणालो, "पहिल्यापासून हट्टी आहे."

ते खोटंही नाही.

तिला गाडीत बसवलं. दांडगाई केली नाही, मी समोर होतो. चढताना तिने फांदीवर हात धरला आणि म्हणाली, "डोकं सांभाळा, दार ठेंगणं आहे." गाडी लांब जाईपर्यंत मला ती आत बोलताना दिसत होती. सांगत असेल त्याला, आता पूल आला, आता वळण आलं.

तुझं चौथं प्रकरण निराधार ठरलं आहे. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे.

मामा

बुलावायो
५ सप्टेंबर २००३

सिमांगेले,

थोडक्यात लिहितो, तू फोनवर जे बोललीस त्यानंतर जास्त लिहायची इच्छा नाही.

एस्नाथ घरी आली आहे. तिला मारलेलं नाही. बोटं सुजली आहेत, ती फांदी सोडत नव्हती म्हणून. फांदी त्यांनी ठेवून घेतली.

ती जेवते, झोपते. पण घरात येत नाही, अंगणात रस्त्याकडे तोंड करून बसते. कोणी दिसलं की एकच विचारते, "ते कुठं आहेत?" आजवर तिला निदान ठाऊक होतं की तो टाकीच्या मागे आहे. आता तिथेही नाही आणि घरीही नाही. परक्या माणसांच्या कचेरीत कुठेतरी एकटा आहे, भाषा न समजणाऱ्यांमध्ये. मी तिला म्हटलं, फांदीच ती, दुसरी आणू. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गाडीत जाऊन बसलो.

मिस्टर चिपारे म्हणतात की फांदी त्यांच्या कपाटात आहे, चिठ्ठी लावून ठेवली आहे. तुझी सही झाली की देतील. सोबत एक कागद आहे. चौथं प्रकरण तू कल्पनेने रचलंस, साक्षी बनावट आहेत आणि प्रबंध तू मागे घेतेस, एवढंच त्यात आहे. गावप्रमुखालाही कार्याची परवानगी द्यायला सांगतील असा शब्द आहे.

तू मला पोपट म्हणालीस, कुत्रा म्हणालीस. म्हण. पण कागदापुढे बसशील तेव्हा माझा विचार करू नकोस. तुझं सत्य एका बाजूला ठेव आणि अंगणात बसलेली बाई दुसऱ्या बाजूला. आजवर मला निवडायला लागलं, आता जरा तू निवड.

मामा

बुलावायो
१९ ऑक्टोबर २००३

प्रिय सिमांगेले,

तुझी सही पोचली. अक्षर थरथरलेलं आहे, पण चालेल.

मावशीचं कार्य मागच्या शनिवारी झालं. काय थाट होता म्हणून सांगू! मडकी भरभरून बिअर, दोन बकरे, अख्खं गाव. मादुबे आली, मासिबांडा आली. ज्यांनी लिहून दिलं होतं त्या सगळ्या आल्या आणि सगळ्यांत जोरात त्याच नाचल्या. मान्द्लोवू तर अशी रडली, जणू तिचाही नवरा त्याच फांदीवर बसून आला होता. फांदी झोपडीत आतल्या बाजूला, जोसायाच्या वाडवडिलांच्या जागी ठेवली. एस्नाथने मला पुरुषांमध्ये पहिल्या जागी बसवलं आणि बकऱ्याचा मानाचा तुकडा स्वतः आणून वाढला. मला बघून ती उठून उभी राहिली, सिमांगेले. या जन्मात पहिल्यांदा.

आता ती घरात झोपते. सकाळी उठून झाडते, शेजारणीशी भांडते. परवा म्हणाली, "वुसाचे बाबा पूर्वीसारखेच घोरतात, मेले तरी सवय गेली नाही." आणि हसली. तू असतीस तर तुलाही बरं वाटलं असतं.

मी डीन झालो, हे मामीने तुला कळवलंच असेल.

हे सगळं वाचून तू निवांत झाली असशील. मीही इथेच पत्र संपवणार होतो. पण सहीच्या कागदामागे तू मला उद्देशून चार ओळी लिहिल्या आहेस. 'मावशीचं कार्य होईपर्यंत मी गप्प बसेन. ते झालं की तिला कोणी काही करू शकणार नाही, तिचं तिला मिळालेलं असेल. मग मी इथे बसून सगळं लिहीन. टाकी, वाळू, फांदी आणि तुम्ही. इथले प्रकाशक छापायला तयार आहेत.'

नेमकं लिहितेस तू, नेहमीच. म्हणून तुझ्याजवळ सगळा पुरावा असावा असं मला वाटतं. एक तपशील तुला ठाऊक नाही.

फांदी मिस्टर चिपारेंच्या कपाटात नव्हती. पहिल्याच दिवशी झाडणाऱ्या माणसाने ती पाचोळ्याबरोबर मागच्या अंगणात जाळली. मी तुला सहीसाठी लिहिलं तेव्हा मला हे माहीत होतं. तुझी सही आल्यावर मी आपल्या विभागामागे गेलो. सायकली लावतात तिथे त्याच जातीचं झाड आहे. एक फांदी तोडली, गाडीच्या टपावर ठेवून उन्हात वाळवली, थोडी पानं ओरबाडली आणि मालुंगाला नेली.

एस्नाथने ती दोन्ही हातांत घेतली. ओळखली नाही. मला एकच विचारलं, "वाटेत यांच्याशी कोणी बोललं का? की एकटेच बसून आले?"

"मी बोलत होतो," म्हटलं.

"काय बोललास?"

"पूल आला, वळण आलं."

तिने माझा हात धरून कपाळाला लावला.

तेव्हा तिच्या झोपडीत जी फांदी आहे तिच्यावर कोणीही बसलेलं नाही. ती रोज सकाळी जिच्याशी बोलते ती सायकलींच्या मागची काटेरी काटकी आहे. हे जगात दोनच माणसांना माहीत आहे. मला आणि आता तुला. मी मरेपर्यंत कोणाला सांगणार नाही.

तुला मात्र कोणी अडवलेलं नाही. मी तर नाहीच नाही. पुस्तक लिहायचं तर पुरं लिहावं लागेल. फांदी जळली, वाळूच्या आधी ट्रक आले, मामाने खोटी फांदी दिली, सगळं. अर्धंच लिहिलंस तर तुझ्यात आणि माझ्यात फरक तो काय राहिला?

लिही पोरी, मोकळेपणाने लिही. एस्नाथला वाचता येत नाही. छापून आलं की मालुंगाला जाऊन मीच तिला वाचून दाखवीन.

तुझा मामा,
फिनियस